पदरावरचा मोबाईल नंबर

"माझा वाचक डिंडोलीत नाहीच आप्पा. माझा वाचक बाहेर आहे," योगेंद्र बोरसे म्हणाला. "सकाळी मी कविता टाकली की दुपारी धुळ्यात आणि दिवेलागणीला नांदेडात. मधे कुठे थांबत पण नाही."

आप्पा म्हणजे बाबुराव पाटील. सुरतेतल्या डिंडोलीत त्यांचं नळ, तोट्या आणि पाइपचं दुकान होतं आणि तिथल्या खान्देश मित्र मंडळाचे ते इतकी वर्षं अध्यक्ष होते की निवडणूक घ्यायची असते हे मंडळ विसरून गेलं होतं. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मंडळाचं कविसंमेलन व्हायचं, आणि व्यासपीठावर कोणी बसायचं ते आप्पा ठरवायचे. योगेंद्रला त्यांनी आजवर एकदाही बसवलं नव्हतं. त्याच्याकडे पाण्याचे जार असायचे.

"पोचत असंल," आप्पा एक तोटी पुसत म्हणाले. "पन पोचली म्हणून कोनी कळवतं का? गावाला लोणच्याची बरणी पाठवली तरी भाऊबंद फोन करतात, पोचली म्हणून."

"कवितेचं तसं नसतं आप्पा."

"का नसतं? हे बघ, आखाजीपर्यंत बाहेरगावच्या एका मानसाचा तुला फोन येऊ दे. नातेवाईक नको, तुझ्या मिलमधला नको. त्यानं एवढंच म्हणावं, तुमची कविता वाचली. त्या दिवशी तू माझ्या शेजारच्या खुर्चीवर. नाहीतर जार हायेतच."

"एकाचं काय घेऊन बसलात," योगेंद्र म्हणाला. "आखाजीपर्यंत माझा फोन थंड होणार नाही."

त्यानंतर बरेच दिवस योगेंद्रला फक्त कर्ज हवंय का, असे विचारणारे फोन आले. त्यातल्या एका मुलीला त्याने कविता वाचता का, असं विचारूनही पाहिलं. तिने लाइन मॅनेजरला जोडून दिली.

खरं दुखणं वेगळंच होतं. योगेंद्रची कविता फिरत होती, पण नाव वाटेत गळत होतं. तो प्रत्येक कवितेखाली सगळा पत्ता लिहायचा: कवी योगेंद्र भाईदास बोरसे, 'शब्दसूत', मु. पो., तालुका, जिल्हा, हल्ली मुक्काम डिंडोली, सुरत, मोबाईल नंबर, सर्व हक्क राखीव, कविता नावासकटच पुढे पाठवावी. कविता आठ ओळींची आणि पत्ता नऊ ओळींचा. लोक बोटाने खालचा भाग कापून टाकायचे आणि कविता पुढे ढकलायचे. एकदा तर त्याची स्वतःचीच कविता मामेभावाने त्याला पाठवली, वर लिहून, 'अशा कविता लिहायला शिक.'

म्हणून यंदा त्याने बंदोबस्त केला. आईच्या लुगड्यावरची त्याची सगळ्यात लाडकी कविता त्याने मोबाईलवर वळणदार अक्षरात सजवली, आणि दर दोन ओळींनंतर मधे नाव आणि नंबर घातला. आता नाव कापायचं तर कविताही कापावी लागणार होती.

त्याची बायको गायत्री घरी साड्यांना लेस लावायचं काम करायची. तिने सुई थांबवून मोबाईल पाहिला आणि घरच्या अहिराणीत म्हणाली,

"दोन ओळी कविता, मंग तुम्हना नंबर. परत दोन ओळी, परत नंबर. हाई कविता शे का दवाखानानी पाटी?"

"तुला नाही समजणार."

"नंबर समजना ना. तोच जास्ती शे."

कविता त्याने सगळ्या ग्रुपवर टाकली. नातेवाइकांच्या, गावच्या, मंडळाच्या, आणि मिलच्या ग्रुपवरही, जिथे तो रोजच काहीतरी टाकायचा आणि जिथे त्याला आजवर एक अंगठासुद्धा मिळाला नव्हता.

योगेंद्र पांडेसऱ्यातल्या एका छपाईच्या मिलमध्ये चेकर होता. छापलेलं कापड काचेच्या टेबलावरून सरकत यायचं, खालून ट्यूबलाइट, आणि योगेंद्रने त्यात खोट शोधायची. डाग दिसला, भोक दिसलं, छपाई हलली, की लाल स्टिकर. ठीक असेल तर हिरवं. शिवाय अधूनमधून ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग सुटतो का ते पाहायचं. मिलमध्ये त्याच्या नजरेला मान होता. मुंगी छापली गेली तरी बोरसे पकडतो, असं म्हणायचे.

त्या दिवशी टेबलावर गर्द जांभळं कापड आलं. त्यावर पांढऱ्या वळणदार अक्षरांत लिहिलं होतं:

माझ्या माईचं लुगडं, विटलेला त्याचा रंग,
विरलेल्या पदराला ठिगळांचा हा सत्संग.

त्याखाली कवी योगेंद्र भाईदास बोरसे आणि मोबाईल नंबर. त्याखाली:

नदीकाठी धुता धुता रंग गेला वाहुनिया,
रंग गेला तरी माय हसे मला पाहुनिया.

परत नाव, परत नंबर. मग उरलेल्या ओळी, मु. पो., तालुका, जिल्हा, सर्व हक्क राखीव. आणि मग पुन्हा पहिल्यापासून. साडी संपेपर्यंत. पदरावर तर हेच सगळं मोठ्या अक्षरांत होतं.

योगेंद्र टेबल थांबवून डिझाइन खात्यात गेला. तिथे धर्मेंद्रभाई कॉम्प्युटरवर मोराला शेपूट लावत होता.

"धर्मेंद्रभाई, आ लखाण क्यांथी लीधुं?" हे लिखाण कुठून उचललं, असं योगेंद्रने विचारलं.

"आपणा मिलना ग्रुपमांथी. कोईक रोज नाखे छे ने, एनुं. शेठने महाराष्ट्र माटे मराठी लखाणवाळी साडी जोईती हती. मस्त बेसी गयुं."

"तमे वांच्युं?"

धर्मेंद्रभाईने मोरावरची नजर काढली नाही. "डिझाइन छे, भाई. डिझाइन कोण वांचे?"

योगेंद्र टेबलाशी परत आला. साडीवर मोबाईल नंबर छापला जाणं ही खोट नसेल तर मग जगात खोट म्हणून काही उरलं नव्हतं. आठ वर्षांच्या नोकरीत याहून लहान गोष्टींना त्याने लाल स्टिकर लावले होते. पण आत्ता तोंड उघडलं तर धर्मेंद्रभाई माउसच्या दोन टिचक्या मारून नाव पुसणार आणि कविता ठेवणार, हेही त्याला दिसत होतं. सगळ्या महाराष्ट्राने जे केलं तेच आता स्वतःच्या हाताने करायचं. त्याने कापड पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं. एकही अनुस्वार चुकला नव्हता. त्याने हिरवं स्टिकर लावलं.

वाचण्याच्या नादात ओलं फडकं तसंच बाजूला राहिलं. लग्नसराईची घाई होती, रंग पक्का व्हायला छापलेल्या कापडाला जितकी वाफ द्यायची तितकी दिली नव्हती, आणि हे फडक्यानेच सांगितलं असतं. फडक्याला कोणी विचारलं नाही. माल गेला.

पहिला फोन आला तेव्हा योगेंद्र जेवत होता. अनोळखी नंबर, बाईचा आवाज.

"कवी योगेंद्र भाईदास बोरसे?"

योगेंद्रने ताट सरकवलं, हात धुतला, आणि उभा राहिला. "बोलतोय."

"भाऊ, मी पारोळाथीन कलाबाई बोली ऱ्हायनू. तुम्हनी साडी एकदाव धुयी अन् सगळा रंग बादलीमा."

योगेंद्रने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग हळूच म्हणाला, "ताई, कविता कशी वाटली?"

"कोनती कविता?"

"साडीवरची."

"ते कविता शे का? माले वाटनं कंपनीना पत्ता शे."

त्यानंतर फोन थंड झाला नाही. परभणीहून एकीने ब्लाउजपीस अपुरा पडला म्हणून विचारलं. अकोल्याच्या एका दुकानदाराला हाच माल हिरव्यात हवा होता. लातूरच्या एका काकूंनी सांगितलं की साडी त्यांनी पांढऱ्या चादरीबरोबर भिजवली होती आणि आता दोन्हींचा रंग एकच आहे. प्रत्येकाला योगेंद्र शेवटी तोच एक प्रश्न विचारायचा, आणि पलीकडून 'कोणती कविता?' एवढंच यायचं. मिलमध्ये, जेवताना, घराच्या दारात, तो "ताई, मी साडीवाला नाही, कवी आहे," असं समजावत असायचा.

"साडीवालाच ऱ्हावा ना," गायत्री म्हणाली. "कमीत कमी गिऱ्हाईक तरी शे."

आखाजी जवळ आली तसा योगेंद्रने फोन घेऊन आप्पांच्या दुकानात बसायला सुरुवात केली. कोणीतरी कधीतरी वाचलेली असेलच, आणि तो फोन आप्पांच्या समोर यावा, एवढीच त्याची इच्छा होती. एका दुपारी तो आला. योगेंद्रने स्पीकर चालू केला.

"मी जालन्याहून कमल बोलतेय. तुमची ती कविता वाचली."

आप्पांच्या हातातला पान्हा थांबला. योगेंद्रने त्यांच्याकडे पाहिलं आणि घसा साफ केला. "पूर्ण वाचली का, ताई?"

"पूर्ण. शेवटच्या पत्त्यापर्यंत. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात वाचली. भर मांडवात, मोठ्याने."

"मोठ्याने," योगेंद्र आप्पांना म्हणाला.

"मी नाही वाचली. मुलाच्या आत्यानं वाचली. पोरगी पाटावर बसलेली, आणि आत्याबाई तिच्या पदरावरून वाचायल्यात. विटलेला रंग, विरलेला पदर, ठिगळं. म्हणे, पहिल्याच दिवशी लेकीला हे नेसवलं का? ते मी कसंबसं निस्तरलं. मग त्यांनी खालचं वाचलं. सर्व हक्क राखीव. मुलाची आई म्हणाली, राखीव म्हणजे कोणाकडं? मग कोणीतरी म्हणालं, हे काय, नाव दिलंय की. बोरसे. नंबर पण दिलाय."

दुकानात एक गिऱ्हाईक नळ घ्यायला आलं होतं. तेही थांबलं.

"आता त्यांचं म्हणणं, हा बोरसे कोण आणि पोरीच्या पदरावर ह्याचा नंबर कशाला. चार दिवस झाले, ते लोक फोन उचलायले नाहीत. माझा उचलणार नाहीत, तुमचा उचलतील. तुम्ही त्यांना सांगा, माझ्या पोरीशी तुमचा काही संबंध नाही."

फोन बंद झाल्यावर योगेंद्र म्हणाला, "आप्पा. बाहेरगाव. नातेवाईक नाही. कविता वाचली."

"तिनं नाही वाचली," आप्पा म्हणाले. "आत्यानं वाचली. आत्याचा फोन आन."

योगेंद्रने घरी जाऊन कमलताईंकडून नंबर घेतला आणि जालन्यातल्या त्या आत्याला फोन लावला. आपण त्या मुलीला पाहिलेलंही नाही, जालना पाहिलेलं नाही, कविता आईवर आहे, आणि आपण विवाहित आहोत, हे त्याने एका दमात सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, असं सगळेच म्हणतात. मग गायत्रीने त्याच्या हातातून फोन घेतला.

"ताई, मी यांची बायको. तुम्ही बिनघोर लग्न करा. ह्या माणसाचं कोणाशी काही जमेल एवढं ह्याच्यात काही नाही."

आत्याबाईंनी तिचं नाव-गाव विचारून घेतलं. मग आत्याबाई म्हणाल्या की हे पटण्यासारखं आहे. लग्न पुन्हा जुळलं. ठेवता ठेवता योगेंद्रने फोन परत घेऊन घाईघाईने विचारलं, कविता म्हणून कशी वाटली. आत्याबाई म्हणाल्या, अक्षर छान होतं.

इकडे मिलमध्ये माल परत यायला लागला. फोल्डिंग खात्याच्या दाराशी गठ्ठ्यांवर गठ्ठे चढले, आणि प्रत्येक गठ्ठ्यावर हिरवं स्टिकर. शेठने योगेंद्रला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक साडी पसरलेली होती, पंख्याखाली तिचा पदर हलत होता.

"ये किसका नंबर है?" शेठने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता साडीवर बोट ठेवून एकेक आकडा मोबाईलवर दाबला.

योगेंद्रच्या खिशात फोन वाजला.

शेठने त्याच्याकडे पाहिलं. फोन वाजतच राहिला. शेवटी शेठ म्हणाला, "उठा ले."

योगेंद्रने फोन उचलला. "बोलतोय," तो म्हणाला.

"मेरा इतना माल वापस आया," शेठ समोर बसून फोनमध्येच म्हणाला. "तूने पास किया. और नाम तेरा. अब ये बता, इसमें लिखा क्या है?"

नोकरी गेलीच, असं धरून योगेंद्रने सांगायला सुरुवात केली. त्याला हिंदी पुरेशी येत नव्हती, म्हणून प्रत्येक ओळ आधी मराठीत म्हणून मग हिंदीत सांगत गेला. माँ की साडी. रंग उडा हुआ. पल्लू घिसा हुआ. नदी पे धोते धोते रंग बह गया. त्याची आई पिंपळखेड्याला असायची आणि ते लुगडं खरं होतं.

शेठने कानाचा फोन खाली ठेवला. "फिर से बोल."

योगेंद्रने ती ओळ पुन्हा म्हटली.

"एक बार और. धीरे."

आजवर त्याला कोणी 'पुन्हा म्हण' असं सांगितलं नव्हतं. योगेंद्र डोळे मिटून म्हणाला, नदीकाठी धुता धुता रंग गेला वाहुनिया. डोळे उघडले तेव्हा शेठ मुनीमला हाक मारत होता.

"सब पार्टी को बोल दो," शेठ म्हणाला, "धोने से रंग जाएगा, ये साडी पर ही लिखा है. हमने कुछ छुपाया नहीं. पढ के लेना चाहिए था."

योगेंद्रची नोकरी राहिली. उलट व्यापाऱ्यांचे फोन आले की शेठ त्यालाच केबिनमध्ये बोलवायचा आणि ती ओळ म्हणून दाखवायला लावायचा. नागपूर, संगमनेर, बार्शी, कुठूनकुठून लोकांनी ती ऐकली. बार्शीच्या व्यापाऱ्याने पुढची ओळही ऐकून घेतली आणि विचारलं, आई हसली म्हणजे तिने माल परत केला नाही, असा अर्थ धरायचा का. शेठ म्हणाला, तसाच धर.

तरीही बराच माल परत आला तो आलाच. तो दुय्यम म्हणून वजनावर, किलोच्या भावाने, निघाला, आणि वजनावर निघालेला माल डिंडोलीत यायला वेळ लागत नाही.

आखाजीच्या आधी आप्पा स्वतः योगेंद्रच्या घरी आले. आप्पा कधी कोणाच्या घरी जात नसत. गायत्रीने चहा ठेवला.

"मंडळाच्या बायांना यंदा सारखी साडी घेतली," आप्पा म्हणाले. "स्वस्तात भेटली. मंदानंच आणली, पन्नास." मंदा म्हणजे आप्पांची बायको. "रंग झकास हाय. घरी आनून घडी उकलली तेव्हा वाचलं."

"अक्षर छान आहे," योगेंद्र म्हणाला.

"संमेलनाला नंदुरबारहून पाहुने येनार. आमदार येनार. पन्नास बाया तुझं नाव आन नंबर पांघरून बसनार. कोनी विचारलं तर काय सांगू, वजनावर घेतल्या?" आप्पांनी बशीत चहा ओतला. "म्हणून आम्ही असं ठरवलं की मंडळानं एका कवीच्या सन्मानार्थ हे मुद्दाम छापून घेतलं. आता कवी व्यासपीठावर पायजे. तू माझ्या शेजारी बस."

"आणि फोनची अट?"

"ती सोडून दे."

"मंग जार कोन उचलनार?" गायत्रीने विचारलं. आप्पांनी त्यावर विचार केलेला नव्हता.

आखाजीच्या दुपारी मंगल कार्यालय भरून गेलं. ऊन असं होतं की भिंतीला हात लावता येत नव्हता. आप्पांनी दोन मोठे कूलर भाड्याने आणून बायकांच्या बाजूला लावले होते आणि ते वाऱ्याबरोबर पाणीही फेकत होते. पांढरी कव्हरं घातलेल्या खुर्च्यांवर जांभळ्या साड्यांच्या रांगा बसल्या होत्या, आणि योगेंद्र जिकडे पाहील तिकडे त्याचं नाव होतं. आप्पांनी माइकवर सांगितलं की मंडळाने होतकरू साहित्यिकांना नेहमीच पाठबळ दिलं आहे.

योगेंद्र उभा राहिला. त्याने कागद आणला नव्हता. ही कविता त्याला झोपेतही येत होती. पहिल्या दोन ओळी झाल्या, आणि मग पन्नास बायका एकदम आपल्याकडे पाहतायत हे त्याच्या लक्षात आलं, आणि पुढचं सगळं गेलं. तो माइक धरून उभा राहिला. कूलर घरघरत होते. आप्पा शेजारून खोकले.

पहिल्या रांगेत मंदा होती. तिने शांतपणे आपला पदर खांद्यावरून पुढे घेतला, चष्मा नीट केला, आणि वाचलं, "नदीकाठी धुता धुता."

"रंग गेला वाहुनिया," मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं.

मग सगळ्याच बायकांनी पदर पुढे घेतले. कोणी पदरावरून, कोणी पुढच्या बाईच्या पाठीवरून, संथपणे, शाळेतल्यासारखं वाचत गेल्या. रंग गेला तरी माय हसे मला पाहुनिया. इथे दोघीतिघींनी डोळ्याला पदर लावला, आणि तो लावल्यावर त्यांचे गाल जांभळे झाले, पण तेव्हा त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. बायका थांबल्या नाहीत. नाव वाचलं, मु. पो. वाचलं, तालुका, जिल्हा, हल्ली मुक्काम, आणि नंबरसुद्धा, एकेक आकडा, पन्नास आवाजात. 'सर्व हक्क राखीव' झाल्यावर आमदारांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. योगेंद्रच्या खांद्यावर शाल पडली. गायत्री शेवटच्या रांगेत होती, तिने साधी पिवळी साडी नेसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती, पण तिने हातातली पर्स मांडीवर ठेवली होती आणि ती योगेंद्रकडे बघत होती, आणि योगेंद्रला ते पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. अनोळखी नंबर.

"कवी योगेंद्र भाईदास बोरसे?"

"बोलतोय," योगेंद्र म्हणाला, आणि सवयीने उभा राहिला.

"तुमची कविता वाचली. आठही ओळी. आरसा धरून वाचावी लागली."

बोलणारा मंगल कार्यालयाचा मॅनेजर होता. कूलरच्या पाण्याने बायकांच्या साड्या भिजल्या होत्या आणि खुर्च्यांच्या पांढऱ्या कव्हरांवर पाठीला आणि बैठकीला कविता उलटी उमटली होती, नाव आणि नंबरासकट. कव्हरं रात्रीच धुवायला टाकली होती. रंग जात नव्हता.